पोटातल्याचा वाटा

भेकराला सावरीच्या फुलाचं भारी वेड. थंडी सरत आली की रोह्याकडच्या डोंगरात सावरीची पानं झडून जातात आणि उघड्या फांद्यांवर लाल, जाड, गुबगुबीत फुलं लागतात. पहाटे ती एकेक करून खाली पडतात, पडताना थप्प असा आवाज होतो, आणि त्या आवाजानं भेकर येतं. आमच्या वाडीतला शिकारीचा हंगाम त्या आवाजानं सुरू व्हायचा आणि शिमग्याला संपायचा. बाकी वर्षभर आम्ही काय काय खायचो ते सांगत बसलो तर वाचणाऱ्यांतले निम्मे नाक मुरडतील. करांद्याचे कंद, खेकडे, ओढ्यातले मासे, भातकापणीनंतर बिळांतून काढलेले उंदीर. पेणच्या बाजारात त्या उंदरांवरून आम्हा कातकऱ्यांना चिडवायचे. चिडवणाऱ्यांनी भातावर पोसलेला उंदीर कधी खाल्ला नव्हता, एवढंच मी म्हणेन.

वाडी कुंडलिका नदीच्या वरच्या अंगाला होती. आज धाटावला जिथं कंपन्यांच्या चिमण्या दिसतात आणि शिफ्ट सुटली की मोटारसायकलींची रांग लागते, तिथं तेव्हा भातशेती होती आणि आमची माणसं लावणी-कापणीला तिथं जायची. आमचं घर कारवीच्या कुडाचं, वर गवताचं छप्पर, आत एकच खोली. पहाटे आये जात्यावर नाचणी दळायची त्या घरघरीनं मला जाग यायची. पावसाळ्यात छपरातून धूर बाहेर पडायचा नाही आणि आम्ही सगळे खोकत असायचो, पण त्याच धुरात चुलीवर टांगलेले बांबू पिकून पिवळेधमक व्हायचे. त्यातलाच एक निवडून माझा मोठा भाऊ गोमा कमठा करायचा. कमठा म्हणजे आमचं धनुष्य. त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. तिराला रोह्याच्या लोहाराकडून ठोकून आणलेलं पातं आणि मागे घारीची पिसं. माझ्या दादाच्या कमठ्याची दोरी वाडीत दुसऱ्या कोणाला पूर्ण ओढता यायची नाही.

बा मला आठवत नाही. दादानंच मला वाढवलं. तो कमी बोलायचा, इतका की पाहुण्यांना तो रागावलाय असं वाटायचं. मला त्यानं चार इयत्ता शिकायला आश्रमशाळेत ठेवलं होतं. तिथून मी परत आलो तो वाचायला येणारा, पण तीर मारण्यात अगदीच कच्चा. वाडीतली पोरं मला मास्तर म्हणायची आणि ते काही कौतुकानं नसायचं. माझा बाण झाडाला लागला तर ती झाडाला विचारायची, बाबा, दुखलं तर नाय ना. मी हसण्यावारी न्यायचो, पण आतून चरफडायचो. सतरा-अठराच्या वयात माणसाला सगळं चालतं, फक्त हसलेलं चालत नाही.

वहिनीचं नाव चांगी. ती पेणकडची, धरमतरच्या खाडीजवळच्या वाडीतली. तिचे आईबाप मिठागरावर राबायचे आणि तीही लहानपणापासून डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहत वाढलेली. त्यामुळे तिची मान कायम ताठ आणि आवाज मोठा, कारण मिठागरावरच्या वाऱ्यात हळू बोलून भागत नाही. दादा जितका मुका तितकी ती बोलकी. माहेरी जाऊन आली की सुका जवळा आणि मिठाचं गाठोडं घेऊन यायची आणि आठवडाभर घरात जवळ्याच्या चटणीचा वास दरवळायचा. माझ्याशी तिचं विशेष जमायचं. चुलीपुढे बसून ती मला वाचायला लावायची, आणि वाचायला काहीच नसे, म्हणून पुडीचे कागद, काडेपेटीवरची अक्षरं, जे असेल ते मी वाचून दाखवायचो. तिला त्यातही गंमत वाटायची.

तिची दोन पोरं पोटातच गेली होती. ह्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, तीसुद्धा नाही, पण पहिल्याच्या वेळेपासून तिनं गाणं म्हणणं सोडलं होतं आणि दुसऱ्याच्या वेळेपासून ती माहेरीही कमी जायला लागली. नातेवाइकांतल्या बायका आयेजवळ येऊन कुजबुजायच्या की गोमाला दुसरी बघ. आये त्यांना चहा द्यायची आणि वाटेला लावायची. पण त्या गेल्यावर ती बराच वेळ चुलीत फुंकर घालत बसायची, चूल पेटलेली असतानासुद्धा.

आता आमच्या दोन रीती सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिली अशी, की बाईच्या पोटात पोर असेल तर तिच्या नवऱ्यानं कमठ्याला हात लावायचा नाही. तीर मारायचा नाही, कोणाच्या हातून जीव जाताना बघायचंसुद्धा नाही. दुसरी रीत वाट्याची. शिकार कोणीही मारो, ती सगळ्या वाडीची. वाडीचा म्होरक्या काळू नाईक आपल्या अंगणात मांस तोडायचा आणि प्रत्येक घरातली बाई माणशी एक पान जमिनीवर मांडायची. चांदाड्याची ताटलीएवढी गोल पानं. म्हाताऱ्याचं एक, तान्ह्याचं एक, सगळ्यांना सारखं. आणि ज्या घरात बाई पोटुशी असेल त्या घराचं एक पान जास्त, पोटातल्याचं. ते पान मांडलं की ते पोर वाडीत आलं, त्याला मोजलं, असं धरत. नाव नंतर, बारसं नंतर, पण वाटा आधी.

वहिनीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा कोणाला पत्ताच नव्हता आणि दादानं एक रानडुक्कर मारलं. ते पोर गेलं. आयेनं दोष कमठ्याला दिला. दुसऱ्या वेळी दादानं कमठा लगेच खाली ठेवला, पण कोणीतरी सशाची शिकार आणली आणि वहिनीनं हौसेनं जास्तीचं पान मांडलं. पंधरवड्यात तेही गेलं. ह्या वेळी आयेनं दोष पानाला दिला. लोकांच्या डोळ्यांत भरलं, नजर लागली. म्हणून तिसऱ्यांदा, ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी, आयेनं ठरवलं की कमठाही नाही आणि पानही नाही. पोर हातात येईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. हे तिनं मला ओढ्यावर नेऊन सांगितलं, आणि सांगताना आजूबाजूच्या दगडांकडेसुद्धा संशयानं बघत होती.

अडचण अशी होती की वाडीतला सगळ्यात चांगला तिरंदाज ऐन हंगामात घरी बसला तर कारण न विचारता कळतं. म्हणून आयेनं युक्ती काढली. दादा झाडावरून पडला आणि त्याचा खांदा दुखावला, असं सांगायचं. तिनं त्याच्या खांद्यावर हळद आणि कसल्यातरी पाल्याचा लेप थापला, वर फडकं बांधलं आणि त्याला अंगणात बसवलं. दादाला खोटं बोलता येत नसे, पण त्याला बोलायला कुठं लागत होतं? नुसतं बसायचं होतं. मात्र लेप रोज नवीन लावावा लागे, आणि एके दिवशी आयेनं घाईत तो दुसऱ्याच खांद्यावर थापला. बुध्या म्हणून आमच्या शेजारचा एक होता, दादाच्याच वयाचा, दादाच्या खालोखालचा तिरंदाज. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यानं चारचौघांत विचारलं की गोमा, तुझं दुखणं फिरायला निघालंय काय? सगळे हसले. तेव्हापासून वाडीत बोललं जाऊ लागलं की मागच्या साली रानडुक्कर अंगावर आलं तेव्हापासून गोमा भेदरलाय. दादानं ते ऐकलं आणि मान खाली घालून बांबूची साल सोलत राहिला. मला मात्र बुध्याचा असा राग आला की रात्रभर मी त्याला मनातल्या मनात नदीत बुडवत होतो.

इतकं सगळं सांभाळलं जात असताना वहिनीला डोहाळा लागला तो भेकराच्या कलेजीचा. दुसरं काही मागितलं असतं तर मिळालं असतं. चिंच, कैरी, खाडीचे मासे, काहीही. पण तिच्या जिभेवर तेच आलं. ती मला चुलीपुढे हळूच म्हणाली आणि मग स्वतःच हसली, की जाऊ दे, लाड सुचतात मला. ती हसली खरी, पण तिचं जेवणावरचं लक्ष उडालेलं मी बघत होतो. भाकरीचे तुकडे करायची आणि कोंबड्यांना घालायची. आयेचं म्हणणं होतं की मागून आणलेल्या मांसानं डोहाळा फिटत नाही, घरच्या तिराचं पाहिजे. आणि घरात तीर धरू शकणारा दुसरा होता कोण? मी, मास्तर.

दादानं मला शिकवायला घेतलं ते असं की आजही आठवून हसू येतं. त्याला कमठ्याला हात लावायचा नव्हता. मग तो हातात एक लांब काठी घेऊन माझ्यामागे उभा राहायचा आणि काठीच्या टोकानं माझं कोपर वर उचलायचा, गुडघा आत ढकलायचा, हनुवटी खाली दाबायची असेल तर डोक्यावर टोचायचा. त्याचा कमठा मला ओढवेना म्हणून मी माझ्यापुरता दुसरा हलका कमठा केला. दोरीला गाठ मारायची वेळ आली तेव्हा त्यानं स्वतः ती मारली नाही, जमिनीवर काठीनं रेघा ओढून दाखवलं. जे काही तो आयुष्यात बोलला नसेल ते त्या महिन्यात बोलला. भेकर वाऱ्यावर जगतं, डोळ्यावर नाय. तू बसलास की तुझा वास कुठं जातो ते आधी बघ. ते मान खाली घालतं तेव्हा दोरी ओढायची, वर करतं तेव्हा दगड व्हायचं. आणि एक गोष्ट तो रोज सांगायचा: तीर लागला की उठायचं नाय. बसून राहायचं. जखमी जनावराला कोणी मागं येत नाही असं वाटलं तर ते जवळच कुठंतरी बसतं, आणि तिथंच निवतं. मागं लागलास तर डोंगर ओलांडून जाईल.

मी हे सगळं ऐकत होतो आणि रोज पहाटे सावरीखाली जाऊन बसत होतो. झाडापासून थोड्या अंतरावर करवंदीच्या जाळीत दादानं माझी जागा ठरवून दिली होती. काळोख असतानाच बसायचं, अंगाला शेणाची राख फासलेली, आणि मग हळूहळू उजाडायचं. आधी कोंबड्यांचे आवाज वाडीतून, मग रानकोंबड्याचा, मग फुलं पडायची. थंडीनं बोटं आखडायची. पुढं मी जंगलखात्यात वॉचमन म्हणून लागलो आणि म्हातारा होईपर्यंत त्याच डोंगरात लोकांचे फासे काढत फिरलो. आता शिकारीला कडक बंदी आहे, आणि ती असावीच, कारण त्या रानाचं रान कुठं उरलंय? साहेब लोक मला कौतुकानं विचारायचे की जनावर कुठून येणार हे तुला आधी कसं कळतं. मी म्हणायचो, सवयीनं. त्यांना करवंदीच्या जाळीतल्या त्या पहाटा सांगणं मला सोयीचं नव्हतं.

पहिले कितीतरी दिवस नुसते गेले. एकदा भेकर आलं पण वाऱ्यानं माझा वास नेला आणि ते कुत्र्यासारखं भुंकत पळालं. भेकराचं भुंकणं ऐकलं नसेल त्यांनी समजावं की सगळ्या डोंगराला ते तुमचं नाव घेऊन सांगतं, इथं माणूस बसलाय. एकदा माझ्या हातून दोरी निसटली. एकदा मीच शिंकलो. रिकाम्या हातानं परतताना बुध्याच्या अंगणावरून यावं लागे आणि तो आदरानं उठून उभा राहायचा. घरी वहिनी पेज पुढे ठेवायची आणि म्हणायची, उद्या येल. शिमगा जवळ आला होता. शिमग्यानंतर सावरीला फूल राहत नाही आणि भेकर वर घाटाकडे सरकतं, हे तिलाही ठाऊक होतं.

आणि मग एका पहाटे ते आलं. नर होता. डोक्यावर आखूड शिंगं, ओठाबाहेर आलेले सुळे, आणि चालताना प्रत्येक पाय उचलून थांबणारा. फूल पडलं, त्यानं मान खाली घातली, मी दोरी ओढली. मान वर, मी दगड. पुन्हा खाली. त्या वेळी मला वहिनीची आठवण आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच आठवलं नाही. तीर सुटला आणि त्याच्या फासळीमागे बसलेला मला स्पष्ट दिसला, आणि मी, महिनाभर रोज ऐकलेलं विसरून, आनंदानं ओरडत जाळीतून उठलो आणि त्याच्या मागं धावलो.

ते उडी मारून दरीत उतरलं आणि दिसेनासं झालं. मी धावत राहिलो, काट्यांनी अंग ओरबाडून घेतलं, आणि जेव्हा थांबलो तेव्हा माझ्या भोवती सुकं रान होतं आणि ऐकू येत होता फक्त माझा श्वास. मी खाली बसलो आणि रडलो. शिकार गेली म्हणून नाही. घरी जाऊन वहिनीपुढे उभं राहायचं होतं म्हणून.

दादा किती वेळानं आला माहीत नाही. माझं ओरडणं वाडीपर्यंत गेलं होतं आणि ते ऐकूनच त्याला कळलं होतं की मी उठलो. त्यानं खांद्यावरचं फडकं सोडून माझ्या रक्ताळलेल्या पायाला बांधलं. मग म्हणाला, चल, दाखव कुठं लागला. पण तो माझ्याबरोबर माग काढू शकत नव्हता. भेकर जिवंत सापडलं आणि दादाच्या डोळ्यांसमोर त्याचा जीव गेला तर? मग आम्ही असं केलं. मी पुढे, आणि दादा माझ्या मागे, पण माझ्याकडे पाठ करून. उलट्या पावलांनी चालणारा तो भला उंच माणूस, हातानं मागची झाडं चाचपत, आणि मी पुढून त्याला ओरडून सांगतोय काय दिसतं ते. पानावर रक्त हाय. कसलं? लाल. फेस हाय का? हाय. मग फुफ्फुसात लागलाय, जाणार नाय लांब. उंचीवर हाय का खाली? खाली. मग दमलंय, उतारानं जातंय, पाण्याकडे जाईल. मला रक्त दिसेनासं झालं की तो म्हणायचा, गुडघ्यावर बस, पानांच्या खालच्या बाजूला बघ. तो दोनदा दगडाला अडखळून पडला आणि दोन्ही वेळा पाठ न फिरवता उठला. मधेच एक लाकूडतोड्या वाटेनं गेला आणि आमच्याकडे बघून त्यानं वाट बदलली.

ओढ्याच्या काठाला, कुंभ्याच्या झाडाखाली ते पडलेलं होतं. अजून श्वास चालू होता. मी दादाला सांगितलं. तो जिथं होता तिथंच थांबला, तोंड डोंगराकडे करून, आणि म्हणाला, "सुकऱ्या, आता पुढचं तुझं. घाई करू नको, पण वेळ लावू नको. त्याला त्रास नाय झाला पायजे."

मी ते केलं. झाल्यावर मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आमच्यात म्हणतात ते म्हटलं, की पोटासाठी घेतलं, राग धरू नको. मागे दादा अजून पाठमोरा उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं तो हसतोय. जवळ गेलो तर त्याचा चेहरा ओला होता. त्या दिवसापासून मला मास्तर म्हटलेलं कधी लागलं नाही.

वाडीत आम्ही भेकर नेलं तेव्हा पोरं नाचत पुढे आली. नाईकाच्या अंगणात चटई पडली. बायका पानं घेऊन निघाल्या, आणि आमच्या घरात भांडण पेटलं. दबक्या आवाजातलं भांडण, कारण कुडाच्या भिंतीला कान असतातच. आयेनं चार पानं वहिनीच्या हातात दिली. वहिनीनं पाचवं मागितलं. आये म्हणाली, मागल्या वेळी काय झालं विसरलीस काय गो? मोजलं म्हणून गेलं ते. मिठागरावर वाढलेली ती बाई इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"आये, दुसऱ्याचं पान मांडलं होतं, पण पहिल्याला कुठं कोणी आपलं म्हटलं? तेही गेलंच. त्याचं तर मलाच ठाव नव्हतं. ज्याला कोणी मोजत नाय ते थांबल कशाला?"

आयेनं पाचवं पान दिलं नाही, तोंड फिरवलं. वहिनी चार पानं घेऊन बाहेर पडली. मी आणि दादा तिच्या मागे. दादाच्या खांद्यावर आता फडकंही नव्हतं.

नाईक म्हातारा होता, पण त्याचा कोयता सरळ चालायचा. अंगणभर पानांच्या रांगा लागल्या होत्या. वहिनीनं आपली चार पानं मांडली, आयेचं, दादाचं, माझं, तिचं. मग ती उठली, अंगणाच्या कडेला गेली, तिथल्या चांदाड्याची फांदी वाकवून एक पान तोडलं आणि परत येऊन रांगेत पाचवं मांडलं. नाईकानं कोयता थांबवून विचारलं की चांगी, तुमी चौघं, हे पान कोणाचं? त्याला कळलं नव्हतं असं नाही, पण रीत अशी की विचारायचं आणि बाईनं तोंडानं सांगायचं.

"त्याचं नाव नाय ठेवलं अजून," वहिनी म्हणाली.

संध्याकाळचा वारा सुटला होता. ते पान ताजं, हलकं, कडेनं उचललं जायला लागलं. वहिनी वाकणार तेवढ्यात मागून कोणीतरी पुढे आलं. आये होती. ती घरून कधी आली ते आम्हाला कळलंच नव्हतं. तिनं खाली बसून अंगणातला एक गुळगुळीत खडा उचलला, पदराला पुसला आणि त्या पानावर ठेवला. पान थांबलं. मग ती कोणाकडेही न बघता बायकांच्यात जाऊन बसली.

मारणाऱ्याचा म्हणून कलेजीचा मान माझा होता. नाईकानं ती माझ्यापुढे धरली. मी पाचव्या पानाकडे बोट केलं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि खड्याशेजारी कलेजी ठेवली, वर त्या पानाचा वेगळा वाटाही ठेवला, बाकीच्यांच्या बरोबरीचा. मला आजवर पुष्कळ जणांनी पुष्कळ काही दिलं, निवृत्त झालो तेव्हा शाल-नारळही दिला, पण त्या क्षणाइतका मी कधीच मोठा झालो नाही. तेवढ्यात बुध्या पुढे आला. सगळ्यांना वाटलं आता हा काहीतरी टोचणार. त्यानं दादाच्या दोन्ही खांद्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाला, "गोमा, बरा झाला काय रे खांदा?" दादा हसला. मोठ्यानं हसला, आणि मग अख्खं अंगण हसलं. बुध्यानं आपल्या घराच्या पानातली एक फोड उचलून आमच्या पाचव्या पानावर टाकली आणि निघून गेला. त्याच्यावर मी मनात केलेले सगळे खून मी त्या वेळी माफ करून टाकले.

त्या रात्री वहिनीनं कलेजी निखाऱ्यावर भाजली, माहेरचं मीठ चोळून, आणि नाचणीच्या भाकरीबरोबर खाल्ली. आम्ही तिघं तिला खाताना बघत होतो. ती म्हणाली की असं टक लावून बघू नका, माझ्या घशाखाली उतरत नाय. आम्ही तोंडं फिरवली आणि कान तिकडेच ठेवले. जेवण झाल्यावर ती भांडी घासायला गेली आणि तिथून गाण्याची एक ओळ ऐकू आली, अर्धीच, मग थांबली, मग पुन्हा सुरू झाली. आयेनं माझ्याकडे बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

मधले महिने कसे गेले ते लिहीत नाही. आये रोज भिऊन उठायची आणि रोज रात्री एक दिवस गेला म्हणायची. वाडीतल्या बायका येता-जाता वहिनीच्या हातातला हंडा काढून घ्यायच्या, कारण पोर आता त्यांचंही होतं, त्यांच्यासमोर वाटा घेतला होता त्यानं. श्रावणात, नदी दोन्ही थड्या भरून वाहत असताना, मुलगी झाली. सोमवारची म्हणून सोमी. दादानं तिला हातात घेतलं आणि इतका वेळ गप्प उभा राहिला की सुईणीला वाटलं मुलगी झाली म्हणून तो नाराज आहे. तिनं त्याला दोन शब्द सुनावले.

आये, दादा, वहिनी, कोणीच आता नाही. सोमी आहे. पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात ती मूर्ती रंगवायला जाते, नातवंडांची आजी झाली तरी सोडत नाही, आणि तिचा आवाज थेट तिच्या आईचा आहे, कारखान्याच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जातं. मागच्या गटारीला मी तिच्याकडे गेलो होतो. तिच्या सुनेनं गावठी कोंबडीचा रस्सा केला होता. सोमीनं मात्र गळ्यात माळ घातल्याला कैक वर्षं झाली, ती वरणभात घेऊन बसली. तिच्यासाठी मी डोंगरभर रक्ताचा माग काढत फिरलो आणि तिचा बाप उलटा चालला, आणि ही बाई रश्श्याच्या वासानं नाक दाबते, असं मी तिच्या नातवंडांना तिच्यादेखत सांगितलं. पोरं खिदळली. सोमीनं माझ्या ताटात आणखी एक पळी रस्सा वाढला.

"माझा वाटा मी कधीच खाल्ला, काका," ती म्हणाली. "आता तुमी खावा."